शीट नंबर ४७ ई/४

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ई/४ या टोपोशीटवर कल्याण जंक्शन वरच्या चौकटीपासून जेमतेम इंचभर खाली येते. एका इंचाला एक मैल या प्रमाणाचा हा जुना नकाशा. वरची कड १९ अंश १५ मिनिटे उत्तर अक्षांशाची, खालची १९ अंशांची. डावीकडे ७३ अंश पूर्व रेखांश, उजवीकडे ७३ अंश १५ मिनिटे. साधारण सतरा मैल उंच आणि सव्वासोळा मैल रुंद एवढा मुलूख या कागदावर मावतो. मुंब्रा, दिवा, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही सगळी गावे इथे आहेत. शहाड अगदी काठावर. टिटवाळ्याला जायचे तर वरचे शीट, ४७ ई/३, काढावे लागते. ठाणे शेजारच्या ४७ ए/१६ वर आहे, आणि दोन्ही शीटांमधली ७३ अंशांची रेषा कळव्याजवळून जाते. ठाणे ते कल्याण हा रोजचा प्रवास कागदावर करायचा तर दोन शीटे एकमेकांना जोडूनच बसावे लागते.

*

आकड्यांची रीत सोपी आहे. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा मोठ्या चौकोनाला एक आकडा. मुंबईच्या भागाचा ४७. त्याचे सोळा तुकडे, प्रत्येक एका अंशाचा, त्यांना ए ते पी अक्षरे. त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा भाग, पंधरा-पंधरा मिनिटांचे. डोंगर भटकणाऱ्या मंडळींना हे आकडे तोंडपाठ असतात. मलंगगडासाठी, चंदेरीसाठी, ताहुलीसाठी शीट उघडली जाते. ज्या लोकलने आपण त्या डोंगरांपाशी उतरतो तिच्या दोन्ही बाजूंची जमीन वाचायला मात्र ती कुणी उघडत नाही, याची मला खंत आहे. लाखो माणसे राहतात ती जमीन तीच.

*

१९०५च्या सुमारास सर्वेक्षण विभागाने आपले नकाशे नव्या पद्धतीने, रंगांत छापायचे ठरवले. लागवडीची जमीन पिवळी, रान हिरवे, पाणी निळे, समोच्च रेषा तपकिरी, रस्ते आणि वस्ती लाल, रेल्वे काळी. या शीटवर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो पिवळा. ही सगळी भाताची खाचरे. खाडीच्या कडेने निळ्या आडव्या रेघा, म्हणजे खाजण आणि दलदल. त्या पिवळ्यात लहान लहान लाल ठिपके, त्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा आणि पाऊलवाटा. मोठा म्हणावा असा लाल डाग एकच, कल्याणचा. खाडीवरचे जुने बंदर, दुर्गाडीचा किल्ला, तलाव, बाजार असे सगळे असलेले ते शहर रेल्वेच्या कितीतरी आधीचे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतले तेव्हाही ते नामांकित बंदर होते.

डोंबिवली, ठाकुर्ली, दिवा यांची गोष्ट वेगळी. तिथे स्टेशन होते आणि आजूबाजूला गावे होती, पण शहर नव्हते. रूळ आधी पडले, शहर नंतर आले. हा क्रम ज्याला डोळ्यांनी पाहायचा असेल त्याने जुने शीट आणि आजचा नकाशा शेजारी ठेवावेत.

*

ठाणे-कल्याण मधली काळी रेघ सावकाश पाहण्यासारखी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, ते अंतर ३४ किलोमीटर. कल्याणपर्यंतचा रस्ता १ मे १८५४ रोजी खुला झाला. मधल्या टप्प्यात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यापुढे दोन अडथळे होते: ठाण्याची खाडी आणि तिच्या पलीकडे उभा असलेला पारसिकचा डोंगर. खाडीवर पूल घातला. डोंगराच्या सोंडा जिथे अगदीच आडव्या आल्या तिथे बोगदे पाडले. बाकी रेघ डोंगराच्या पायथ्याला धरून खाडीच्या काठाकाठाने नेली.

शीटवर हा तुकडा भिंग घेऊन पाहावा. एका बाजूला तपकिरी रेषा इतक्या दाटलेल्या की मोजता येऊ नयेत, दुसऱ्या बाजूला खाडीचा निळा. दोहोंच्या मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तीत रूळ आहेत, रस्ता आहे आणि मुंब्रा गाव आहे. १९१६ मध्ये पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटरचा मोठा बोगदा झाला आणि गाड्यांना सरळ वाट मिळाली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जलद लोकल त्या बोगद्यातून जात राहिली. कळवा आणि मुंब्रा धिम्या मार्गावरच राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा ही व्यवस्था बदलली.

त्या पट्टीत सपाट जागा मुळातच नव्हती. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो मुसलमान कुटुंबे मुंब्र्यात आसऱ्याला आली. माणसे आली तशा इमारती डोंगरावर चढत गेल्या आणि खाडीत उतरत गेल्या. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. जीवघेणी गर्दी हे कारण आहेच. पण रूळ तिथे वळतात, कारण डोंगर आणि खाडी यांनी सरळ जायला जागा ठेवलेली नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती अडचण अजून माणसांच्या जिवावर बेतते.

*

एक-इंची नकाशात समोच्च रेषा पन्नास-पन्नास फुटांवर काढलेल्या असतात. मुंब्र्याच्या डोंगराची कड सोडली की दिव्यापासून कल्याणपर्यंत रुळांच्या वाटेत अशी रेषा जवळपास येतच नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाला जी पिवळी पाटी असते तिच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. गाडीची वाट पाहताना ती वाचावी. कल्याणची उंची दहा मीटरच्या आत-बाहेर आहे, दिव्याची त्याहून कमी. पन्नास फूट म्हणजे सव्वापंधरा मीटर. नकाशाला हा सगळा प्रदेश सपाट दिसतो आणि तो काही बोलत नाही.

प्रत्यक्षात तिथे दोन मीटरच्या फरकाला फार किंमत आहे. भरतीचे पाणी कुठवर चढते, पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की ते पाणी कुठे थबकते, हे त्या दोन मीटरवर ठरते. समोच्च रेषांत ते सापडत नाही, म्हणून मग लाल ठिपके पाहायचे. जुनी गावठाणे कुठे आहेत आणि कुठे नाहीत? खाजणाच्या आतल्या अंगाला, किंचित उंच जागेवर, विहिरीला गोडे पाणी लागेल अशा ठिकाणी गाव बसलेले असते. त्याच्या खालच्या अंगाला शेत, त्याच्या खाली बांध, बांधापलीकडे तिवरांचे रान आणि खाडी. ही उतरंड आगरी, कोळी, कुणबी लोकांनी कित्येक पिढ्या पाणी पाहून ठरवलेली. खाडीचे पाणी अडवायला घातलेल्या बांधांची निगा अख्ख्या गावाने मिळून करायची रीत होती, कारण एका ठिकाणी खांड पडले तरी खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरायचे.

लाल ठिपका म्हणजे कोरडी जागा, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी या शीटचा निम्मा अर्थ लागतो. पिवळ्यावर जे पुढे बांधले गेले ते पाणी साचायच्या जागेवर बांधले गेले. भाताला पाणी साचायलाच हवे असते, त्यासाठीच तर खाचर असते.

*

नकाशावर छापलेले साल हाताशी नसेल तर शीट कोणत्या काळचे हे आतल्या खुणांवरून ओळखता येते. हा खेळ मला फार आवडतो. पारसिकचा मोठा बोगदा दिसला तर १९१६ नंतरचे. दिव्याहून पनवेलकडे रेघ निघत नसेल तर १९६०च्या दशकाच्या आधीचे. नेवाळीची धावपट्टी असेल तर दुसरे महायुद्ध येऊन गेलेले आहे. आणि कल्याण व अंबरनाथ यांच्यामध्ये उल्हासनगर हे नाव नसेल तर ते १९४९च्या आधीचे.

*

प्लेन टेबलवर नकाशा काढणारा सर्वेअर तीन पायांची घोडी, तिच्यावर फळा, फळ्यावर कागद घेऊन उभा असायचा. आधी त्रिकोणमितीने पक्के केलेले बिंदू कागदावर टाकलेले असत. त्या बिंदूंकडे पट्टीतून नेम धरून तो आपली जागा काढी आणि समोर दिसते ते तिथल्या तिथे, उघड्यावर कागदावर उतरवी. विहीर, देऊळ, आंब्याचे एकटे झाड, मैलाचा दगड, ओढ्याचा काठ. त्याचे मदतनीस खलाशी पुढे काठी घेऊन चालत. गावाचे नाव तो गावातच विचारायचा.

या कामाबद्दल मला अतोनात आदर वाटतो. भोपर, नांदिवली, आजदे, सागाव, निळजे, घेसर अशी नावे कुणीतरी पाटलासमोर उभे राहून ऐकली, लिहून घेतली, तपासली, म्हणून ती कागदावर आली. आज त्यांतली काही बसस्टॉपची नावे आहेत, काही औद्योगिक वसाहतीच्या फाट्यांची. ही सगळी त्या प्रसिद्ध २७ गावांपैकी. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ती आत होती, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. हद्दीची रेघ कितीदा हलली तरी गावाचा लाल ठिपका होता तिथेच आहे.

*

अंबरनाथच्या पूर्वेला वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांच्या काळातले शिवमंदिर आहे. त्यातल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. याच वालधुनीला वरच्या अंगाला, काकोळे गावाजवळ, रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांध घालून पाणी अडवले. लोक त्याला अजूनही जीआयपी टँक म्हणतात. इंजिन गेले, कंपनी गेली, नाव राहिले. पुढे १९२०च्या दशकात विमकोचा काडेपेटीचा कारखाना अंबरनाथला आला. देऊळ, धरण, कारखाना हे तिन्ही एकाच नदीच्या पाच-सहा मैलांत.

आणि त्याच नदीचे पुढे उल्हासनगरात काय झाले ते नाकाला रुमाल लावून पुलावर उभे राहिल्यावर कळते. टोपोशीटवर ती अजून निळी छापतात.

*

ठाकुर्लीला खाडीच्या बाजूला चोळे गावाजवळ जीआयपीने वीजघर उभारले, ते चोळा पॉवर हाऊस. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हार्बरमार्गे पहिली विजेची गाडी धावली, आणि १९२९पर्यंत वीज कल्याणच्या पुढे पुण्यापर्यंत गेली. त्या गाड्यांना लागणारी वीज ठाकुर्लीला होऊ लागली. कोळसा रेल्वेनेच यायचा, पाणी खाडीचे. वीजघर केव्हाच बंद झाले. डोंबिवलीच्या वाढीचे श्रेय लोक स्वस्त घरांना देतात. ते खरे आहे, पण वाफेच्या गाडीने डोंबिवलीहून रोज बोरीबंदरला कामावर जाणे परवडण्यासारखे नव्हते. ४८ किलोमीटरवरचे गाव ऑफिसच्या वेळेत बसवले ते विजेने. म्हणून या प्रदेशाचा पहिला कारखाना कोणता असे विचारले तर मी चोळ्याचे वीजघर सांगेन. त्यातून निघालेला माल म्हणजे इथली उपनगरे.

*

कल्याण आणि अंबरनाथ यांच्यामधली मोकळी जागा युद्धकाळात लष्कराने घेतली. बराकी उठल्या, कल्याण कॅम्प झाला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले गेले. जवळून वाहणाऱ्या नदीचे नाव एका शहराला लागले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते मात्र लष्कराचेच राहिले, आजही रिक्षावाल्याला तसेच सांगावे लागते.

ज्या घरात बिऱ्हाडामागे एक खोली मिळायची तिथूनच लोकांनी व्यापार उभा केला. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती. एका शीटच्या आवृत्तीत नसलेले शहर पुढच्या आवृत्तीत शीटवरच्या मोठ्या लाल डागांपैकी एक होऊन बसले, असे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे शोधावे लागेल.

*

डोंबिवली का वाढली याचे उत्तर गिरगाव, दादर आणि परळ इथे आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली. ज्याच्याकडे खोली होती त्याचे भले झाले, पण भाड्यासाठी नवी चाळ बांधणे कुणाला परवडेना. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांची लग्ने झाली की एकाने बाहेर पडायचे. १९५०मध्ये आणि मग १९५७मध्ये मुंबई महापालिकेची हद्द उत्तरेला सरकत मुलुंड-दहिसरपर्यंत गेली. तिथल्याही जागा महाग होत गेल्या, तसा तो धाकटा भाऊ खाडी ओलांडून पलीकडे गेला.

पलीकडे जमिनीचे काय चालले होते? कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कुळे मालक झाली. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची खारजमीन कसणारा आगरी शेतकरी पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने सातबारा पाहत होता. त्याच्या हातात जमीन आली आणि त्याच सुमारास तिचे गिऱ्हाईक रोज सकाळच्या गाडीने दारात येऊ लागले. १९६०च्या दशकात औद्योगिक वसाहत आली. जमीन एकरांनी मोजली जायची ती गुंठ्यांनी मोजली जाऊ लागली. तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. एवढ्यात एक चाळ बसते. शेत कागदावर शेतच राहिले आणि जागेवर चाळ उभी राहिली, हा व्यवहार इतका पसरला की २००१ मध्ये राज्याला गुंठेवारी नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मला यात शेतकऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही, घर घेणाऱ्या कारकुनालाही नाही. दोघांनीही आपापल्या घरासाठी केले. पण रस्ता किती रुंद ठेवायचा, ओढा कुठून जायचा, शाळेला जागा कुठे सोडायची, हे ज्यांनी ठरवायचे होते त्यांनी ते ठरवले नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५चे, कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ची. तोवर पिवळ्याचा बराचसा लाल झालेला होता.

*

पु. भा. भावे आणि श. ना. नवरे डोंबिवलीत राहत. २०१७चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत झाले. एक-इंची नकाशावर जिथे ठिपका होता तिथे पुढे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा सुरू झाली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. मुंबईचा मराठी मध्यमवर्ग कुठे गेला असे विचारणाऱ्यांनी फडके रोडवर दिवाळीच्या पहाटे जाऊन यावे.

*

शेजारच्या ४७ ए/१६ कडे वळलो की फरक लगेच जाणवतो. साष्टी बेटावर दोन काळ्या रेघा आहेत. पूर्वेला जीआयपी, पश्चिमेला बीबीसीआय रेल्वे. मध्ये डोंगर, आणि त्या डोंगरांत विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९०च्या सुमारास) हे तीन तलाव. विहार आणि तुळशीचे पाणी मुंबईच्या नळाला जायचे, म्हणून त्यांच्या पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही. आज ज्याला आपण बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हणून मिरवतो ते रान उरले त्यामागे पाण्याच्या पहाऱ्याचा मोठा हात आहे.

याच बेटावर १९२८ मध्ये कुर्ल्याहून अंधेरी आणि तुर्भे (ट्रॉम्बे) बाजूला जाणारी सेंट्रल साल्सेट ट्रामवे नावाची रेल्वे सुरू झाली. १९३४ मध्ये ती बंदही झाली. पूर्व आणि पश्चिम जोडणारी एक रेघ साष्टीला मिळाली होती आणि ती सहाच वर्षांत पुसली गेली. तिच्यानंतर अंधेरी-घाटकोपरची गाडी यायला २०१४ उजाडले. या दोन तारखांमधली ऐंशी वर्षे ज्यांनी दादरला उतरून पूल चढण्यात घालवली त्यांच्या वेळेचा हिशेब कोण करणार?

कल्याणच्या शीटवर असे राखलेले पाणलोट नाही, आडवी रेघही फार उशिरा आली. दिवा-पनवेल आणि दिवा-वसई या वाटा आधी मालगाड्यांच्या, माणसांना त्यांत अजूनही मोजक्याच फेऱ्या.

*

बदलापूर स्टेशन खरे तर कुळगावात आहे. बदलापूर गाव तिथून वेगळे, नदीच्या बाजूला. स्टेशनला दूरच्या गावाचे नाव मिळाले आणि नगरपरिषदेला कुळगाव-बदलापूर असे जोडनाव घ्यावे लागले. नकाशावर दोन्ही ठिपके वेगवेगळे आहेत.

*

शीटची उजवी कड बदलापूर आणि वांगणी यांच्या मधून जाते. २७ जुलै २०१९ रोजी याच दोन स्टेशनांच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली. गाडीत हजारभर प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, नौदलाच्या आणि गावकऱ्यांच्या बोटींनी सगळे सुखरूप बाहेर आले.

त्या ठिकाणी नकाशा काय सांगतो? नदी रुळांना जवळजवळ समांतर वाहते. रूळ भरावावर आहेत. टोपोशीटवर भराव दोन्ही बाजूंच्या आखूड काळ्या रेघांनी दाखवतात आणि कधी कधी शेजारी भरावाची उंची आकड्यात लिहितात, पुढे बारीक 'आर' अक्षर. डोंगराकडून नदीकडे उतरणारा प्रत्येक ओहळ या भरावाला आडवा येतो. त्याला जाऊ द्यायला मोरी असते, आणि तीही नकाशावर असते. मोरी तुंबली, तिच्या तोंडाशी राडारोडा पडला, वरच्या अंगाला शेताच्या जागी काँक्रीट झाले, की भराव धरणासारखे काम करू लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळ्यांचे लक्ष मिठी नदीकडे गेले, ते रास्तच होते. पण त्याच दिवशी उल्हास आणि वालधुनीही कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या घरांत शिरल्या होत्या. पाणी गेले तिथून ते पूर्वीही जात असे. मध्ये आपण येऊन राहिलो होतो.

*

मलंगगड या शीटवरचा सगळ्यात दाट तपकिरी भाग. कल्याणहून अंबरनाथकडे जाताना उजवीकडच्या खिडकीतून तो दिसतो. लोकल कितीही भरलेली असली तरी पावसाळ्यात खिडकीजवळचा माणूस एकदा तिकडे पाहतोच.

*

शीटचा नैर्ऋत्य कोपरा म्हणजे बेलापूर, नेरूळ, खारघर. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली आणि त्या कोपऱ्यात शहर आधी कागदावर आखले गेले. गाडी नंतर आली: १९९२ मध्ये वाशीला, पुढच्या वर्षी बेलापूरला, १९९८ मध्ये पनवेलला. एकाच शीटवर वरती रुळांमागून वाढलेली डोंबिवली आणि खाली आराखड्यातून वाढलेले खारघर. नगररचना शिकणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. दोन्हीकडे शेतकऱ्याची जमीन गेली. खाली ती जबरदस्तीने संपादित झाली आणि त्याविरुद्धच्या आंदोलनात १९८४ मध्ये जासईला आणि परिसरात माणसे गोळीबारात मेली. वर ती गुंठ्यागुंठ्याने विकली गेली. खालच्या शहराला निदान रुंद रस्ते, धरणाचे पाणी आणि पूर सामावणारे तलाव मिळाले.

*

किनाऱ्याजवळची टोपोशीटे अनेक वर्षे निर्बंधित होती. अर्ज, ओळखपत्र, शिफारस, आणि मग नकार. ज्या गावात माणूस जन्मला त्या गावाचा नकाशा त्याला मिळू नये, हे धोरण चुकीचेच होते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली मालिका वेगळी केली. २०१७ मध्ये १:५०,००० प्रमाणाची खुली शीटे इंटरनेटवरून मोफत उतरवून घ्यायची सोय झाली. २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. खुल्या मालिकेत क्रमांक बदलले आहेत, फूट जाऊन मीटर आले आहेत, आणि समोच्च रेषा वीस मीटरवर गेल्या आहेत, म्हणजे खाजणाबद्दल ती जुन्या शीटहूनही कमी बोलते. त्यामुळे जुन्या एक-इंची आवृत्त्यांची गरज संपलेली नाही, वाढली आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर इथेही जागती वाचनालये आहेत. या संस्थांनी ४७ ई/४ आणि ४७ ए/१६ यांच्या मिळतील तितक्या जुन्या आवृत्त्यांच्या चांगल्या प्रती सर्वेक्षण विभागाकडून मागवून भिंतीवर लावाव्यात. शाळांनी भूगोलाचा एक तास तिथे घ्यावा. आणि घर घेणाऱ्याने सातबारा, मंजूर नकाशा, बँकेचे कागद पाहतो तसे एकदा हे शीटही पाहावे. आपली इमारत लाल ठिपक्यावर आहे, पिवळ्यावर आहे की निळ्या रेघांवर, हे बोट ठेवून पाहायला पाच मिनिटे पुरतात. निळ्यावर असेल तर तळमजला घेऊ नका, आणि जवळची मोरी कुठे आहे ते पावसाळ्याआधी शोधून साफ करून घ्या.